कुत्र्याच्या मणक्यातली गादी सरकली तर: पहिल्या रात्रीपासून आठव्या आठवड्यापर्यंत

चिंगी त्या सकाळी पलंगाखालून बाहेरच आली नाही. हाक मारली तर शेपूट हलली, पण उठेना. उचलायला गेले तर किंचाळली. पाठीची कमान झालेली, पोट दगडासारखं घट्ट, अंगाला बारीक थरथर. मला वाटलं पोट बिघडलंय. म्हणून दिवसभर उपाशी ठेवलं आणि वाट बघितली. संध्याकाळी तिचे मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. रात्री साडेअकराला ती पुढच्या दोन पायांवर सरपटत माझ्यापर्यंत आली, मागचं अर्धं अंग फरशीवरून ओढत.

पाठ दुखणारा कुत्रा पोट आवळून धरतो, त्यामुळे दुखणं पोटाचं वाटतं. ही चूक मी एकटीने केलेली नाही, पण त्यात माझे बारा तास गेले.

चिंगी तेव्हा सहा वर्षांची होती, डॅशुंड. ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी घरी सोडलं. सोबत औषधांची पिशवी आणि एक वाक्य: "पिंजऱ्यात विश्रांती द्या आणि लघवी काढत जा." लघवी काढत जा म्हणजे नेमकं काय करायचं हे कळायला मला पुढचे तीन दिवस लागले आणि घरातल्या सगळ्या चादरी. ज्यांच्यावर ही वेळ नुकतीच आलीय त्यांचे ते तीन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. इथलं काही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळत नसेल तर त्यांचं ऐका, कारण तुमच्या कुत्र्याला त्यांनी हात लावून तपासलंय.

१. आत काय झालंय ते आधी समजून घ्या

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट कडं, आत जेलीसारखा मऊ गर. डॅशुंड, फ्रेंच बुलडॉग, बीगल, पेकिनीज, शित्झू, कॉर्गी, कॉकर स्पॅनियल अशा जातींमध्ये हा गर फार लवकर वाळायला लागतो, काहींमध्ये तर वर्ष-दोन वर्षांच्या आतच. वाळून खडूसारखा कडक होतो. मग एखाद्या दिवशी कडं फाटतं आणि तो गर वरच्या मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. मज्जारज्जूला मार बसतो, सूज येते, शिवाय त्या गराचा दाब. मोठ्या जातींच्या वयस्कर कुत्र्यांमध्ये बहुधा वेगळा प्रकार दिसतो: कडं फाटत नाही, हळूहळू फुगत जातं आणि लक्षणं महिनोन्महिने वाढत राहतात. हे दोन प्रकार हॅन्सन या स्वीडिश संशोधकाने १९५०च्या दशकात वेगळे करून दाखवले. तुमच्या रिपोर्टवर "हॅन्सन टाइप १" किंवा "टाइप २" असं दिसेल ते त्यावरूनच.

हे सांगायचं कारण असं की घरातला प्रत्येक जण "त्या दिवशी सोफ्यावरून उडी मारू दिली नसती तर" असं म्हणत बसतो. आखूड पायांच्या जातींमधला हा दोष रक्तातला आहे. त्यामागचा जनुकीय बदल २०१७ मध्ये सापडला. गादी आधीच वाळलेली असते, उडी फक्त निमित्त ठरते. स्वतःला दोष देण्यात रात्र घालवू नका, पहिल्या आठवड्यात झोप फार मोलाची आहे.

पाठीत ही गडबड बहुतेक वेळा शेवटच्या बरगड्या आणि कंबर यांच्या दरम्यान होते. मानेतली गादी सरकली तर चित्र वेगळं: मान खाली, ताठ, वर बघताना किंचाळणं, कधी पुढचा एक पाय उचलून धरणं. अशा कुत्र्याला गळ्यात पट्टा अजिबात नको आणि पाण्याचं भांडं थोड्या उंचीवर ठेवायचं.

२. तुमचा कुत्रा कोणत्या पायरीवर आहे ते विचारून घ्या

डॉक्टर साधारण पाच पायऱ्या धरतात. पहिली, नुसतं दुखणं. दुसरी, चालतो पण झोकांड्या जातात, पाय आडवेतिडवे पडतात. तिसरी, पाय हलवता येतात पण उभं राहून चालता येत नाही. चौथी, पाय पूर्ण लुळे, पण बोट जोरात दाबलं तर कळतं. पाचवी, तेही कळत नाही.

चौथी आणि पाचवी यांच्यातला फरक सगळ्यात महत्त्वाचा. खोल वेदना कळत असेल तर ऑपरेशननंतर दहातले साधारण नऊ कुत्रे पुन्हा चालतात. ती गेली असेल तर जेमतेम निम्मे किंवा थोडे अधिक. पहिल्या दोन पायऱ्यांवर बरेच कुत्रे ऑपरेशनशिवाय, विश्रांती आणि औषधांवर बरे होतात. मात्र ढासळत चाललेल्या कुत्र्याला "दोन दिवस बघू" म्हणून घरी ठेवू नका. सकाळी डगमगणारा संध्याकाळी लुळा पडू शकतो.

इथे एक सापळा आहे आणि त्यात मीही अडकले. घरी आल्यावर मी चिंगीचं बोट चिमटीत धरलं, तिने पाय झटकन आत ओढला आणि मी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटले की तिला कळतंय. पाय ओढला जाणं ही मज्जारज्जूची स्वतःची प्रतिक्रिया असते. मेंदूपर्यंत निरोप न जाताही ती घडते. खरंच कळत असेल तर कुत्रा मान वळवून बघतो, कण्हतो, चावायला येतो, निदान चेहऱ्यावर काहीतरी उमटतं. ही तपासणी डॉक्टरांवर सोडा. घरी दर तासाला बोटं चिमटून तुम्हाला काही कळत नाही, कुत्रा मात्र वैतागतो.

३. घरी आणण्याआधी काय काय हातात हवं

कागद:
- डिस्चार्जचा कागद. त्यावर पायरी, कोणती गादी, कोणत्या बाजूने ऑपरेशन, हे सगळं लिहिलेलं हवं
- एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि प्रतिमांची प्रत
- औषधांचा तक्ता, "पुढचा डोस किती वाजता" या रकान्यासह
- शेवटच्या तपासणीत काय हलत होतं आणि काय कळत होतं, तारखेसह
- रक्ततपासणीचे रिपोर्ट, लसीकरणाचं पुस्तक, विमा असेल तर त्याचे कागद
- रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर. दवाखाना बंद असताना कुठे जायचं हेही

सामान:
- क्रेट किंवा तारेचा पिंजरा, दार समोरून उघडणारं
- जाड, कडक फोमची गादी आणि वर ओल खाली झिरपू देणारं कापड
- एकदा वापरून टाकायचे पॅड, भरपूर. वाटतं त्याच्या दुप्पट आणा
- छातीचा हार्नेस आणि पोटाखालून धरायला लांब मऊ टॉवेल किंवा तयार स्लिंग
- घसरू न देणारे मॅट, क्रेटपासून बाहेरच्या दारापर्यंत पुरतील एवढे
- जखम किंवा पाय चाटू नयेत म्हणून गळ्यातला शंकू
- डिजिटल थर्मामीटर, हातमोजे, सुगंध नसलेले ओले वाइप्स
- एक वही

या यादीत चाकांची गाडी नाही. ती पहिल्या आठवड्यात मागवू नका, तिचं पुढे येईलच.

४. क्रेट: दार उघडं राहिलं की सगळं मुसळ केरात

क्रेट एवढाच हवा की कुत्रा सरळ उभा राहू शकेल, जागच्या जागी वळू शकेल आणि पाय पसरून झोपू शकेल. त्याहून मोठा नको. "बिचाऱ्याला जरा मोकळं" म्हणून खोलीभर जागा देणं ही विश्रांती नव्हे.

विश्रांतीवर उपचार चालू असतील तर किमान ४ आठवडे धरा, बरेच डॉक्टर ६ ते ८ सांगतात. फाटलेलं कडं सांधायला तेवढा वेळ लागतोच. ऑपरेशन झालेल्यांनाही साधारण ४ ते ६ आठवडे बंधन असतं. बाहेर काढायचं ते फक्त शू-शी, औषध आणि व्यायामासाठी.

खरा धोका पहिल्या आठवड्यात नसतो, तेव्हा कुत्रा स्वतःच पडून असतो. धोका सुरू होतो त्याला बरं वाटायला लागल्यावर. गोळ्यांनी दुखणं दबलेलं असतं, पायात थोडा जीव येतो आणि त्याला वाटतं झालं सगळं. तेराव्या दिवशी मी पॅड बदलायला क्रेटचं दार उघडलं आणि फोन वाजला म्हणून मान वळवली. तेवढ्यात चिंगी बाहेर, मागचे पाय ओढत आणि थेट सोफ्याकडे झेप. पोचली नाही, कुशीवर आपटली. नशिबाने काही बिघडलं नाही, पण पुढचे दोन दिवस दर अर्ध्या तासाला मी तिचे पाय बघत होते. तेव्हापासून नियम केला: दार उघडायचं तर आधी हार्नेसला दोरी, दोरी हातात, मग कडी.

ओरडतो, रडतो, दार खरवडतो? क्रेट माणसांत ठेवा, कोपऱ्यातल्या खोलीत नको. अर्ध्या भागावर चादर टाकली की बरेच कुत्रे शांत होतात. रोजचं खाणं चाटायच्या मॅटवर पसरून किंवा खेळण्यात भरून गोठवून दिलं तर अर्धा तास निघतो. (मान दुखत असेल तर असली झटापटीची खेळणी नकोत.) तरीही अख्खी रात्र थैमान घालत असेल तर डॉक्टरांना शांत करणाऱ्या औषधाबद्दल विचारा. त्यात कमीपणा काही नाही. क्रेटमध्ये उड्या मारणाऱ्या कुत्र्याला विश्रांती मिळतेय असं समजू नका.

५. उचलणं आणि टॉवेलवर चालवणं

एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून लोंबकळत उचलायचं नाही, लहान मुलांना तर हातच लावू देऊ नका. खाली ठेवताना चारही पाय नीट टेकेपर्यंत सोडू नका. शेवटच्या वीतभर अंतरात कुत्रा हमखास उसळी मारतो.

टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे. वजन एवढंच पेलायचं की पंजे जमिनीला लागलेले राहतील. ढुंगण हवेत उचलून धरलं की सगळा भार पुढच्या खांद्यांवर जातो आणि मागच्या पायांना जमीन कळतच नाही. नर कुत्रा असेल तर टॉवेल त्याच्या शिस्नावर दाबला जात नाही ना ते बघा. नाहीतर शू करायला बाहेर नेता आणि तुम्हीच वाट अडवून धरता.

६. लघवी काढणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, त्यामुळे सविस्तर सांगते.

मागचे पाय लुळे असलेल्या कुत्र्याला बऱ्याचदा लघवीवरही ताबा नसतो. मूत्राशय भरतं, भरतं आणि शेवटी दाबाने थोडंथोडं गळायला लागतं. पहिल्या दोन दिवसांत चिंगीचं अंथरूण सारखं ओलं व्हायचं. मला वाटलं, शू होतेय, चला, एक काळजी मिटली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, हे तर फुटायला आलंय. ओलं अंथरूण म्हणजे लघवी झाली असं नाही. भरलेली टाकी वाहते ना, तसं ते असतं. फार ताणलेल्या मूत्राशयाचे स्नायू ढिले पडतात आणि पाय सुधारले तरी ते लवकर सुधारत नाहीत. शिवाय साचलेल्या लघवीत जंतुसंसर्ग ठरलेला.

काढायची ती दिवसातून ३ ते ४ वेळा, साधारण ६ ते ८ तासांनी, रात्रीची झोपायच्या अगदी आधी.

कशी? कुत्र्याला टॉवेलच्या आधाराने उभं करा किंवा कुशीवर झोपवा. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना सपाट ठेवा, बोटांची टोकं खुपसायची नाहीत. बरगड्या संपतात तिथून हळूहळू मागे, मांड्यांच्या पुढ्यात या. आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं गोल काहीतरी हाताला लागेल. लहान कुत्र्यात भरलेलं असेल तर संत्र्याएवढं. ते दोन तळव्यांमध्ये आलं की सावकाश, सारखा दाब द्या आणि तसाच धरून ठेवा. पिचकारी मारल्यासारखं दाबून-सोडून काही होत नाही. काही सेकंद काहीच घडत नाही, मग धार सुरू होते. धार थांबेपर्यंत दाब तसाच ठेवायचा. थांबली की हात काढा, पुन्हा चाचपा. शेवटी लिंबाएवढं किंवा त्याहून लहान लागलं तर काम झालं.

कुत्रा पोट आवळत असेल तर आधी एक-दोन मिनिटं नुसता हात ठेवून बसा. तुमचा श्वास सैल झाला की त्याचं पोटही सैल होतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. भरलेलं लागतंय आणि बऱ्यापैकी दाबूनही थेंब येत नसेल तर जोर वाढवू नका. थांबा आणि फोन करा. काही कुत्र्यांमध्ये लघवीच्या वाटेचा स्नायू आवळून बसतो, तो सैल करायला औषध लागतं. काहींना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालावा लागतो.

हे वाचून येत नाही, मला व्हिडिओ बघूनही आलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी हट्ट धरा: डॉक्टरांनी किंवा तिथल्या नर्सने तुमच्या हातावर हात ठेवून एकदा मूत्राशय सापडवून द्यावं आणि मग त्यांच्यासमोर तुम्ही एकट्याने काढून दाखवावी. येईपर्यंत तिथून हलू नका. आलं नाही तर पुढचे काही दिवस काढून घ्यायला दवाखान्यात नेत जा.

लघवीला उग्र वास, गढूळपणा, रक्त, किंवा कुत्र्याला ताप असेल तर संसर्ग समजा आणि लघवीचा नमुना घेऊन जा. खालच्या अंगाला जाणीव नसल्याने जळजळ होतेय हे तो दाखवत नाही, म्हणून वास घ्यायची सवय लावा.

बंद कधी करायचं? टॉवेलवर बाहेर न्या, त्याला स्वतःहून करू द्या आणि लगेच चाचपा. सलग काही दिवस लहान आणि मऊ लागलं की डॉक्टरांना विचारून थांबा. एकदा झाली म्हणजे जमलं असं धरू नका.

शीचं एवढं नसतं, ती आपोआप बाहेर पडते, कधी झोपेतसुद्धा. दोन-तीन दिवस काहीच झालं नाही तर सांगा. काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो.

७. औषधं

सूज उतरवणारी साधी वेदनाशामकं आणि स्टेरॉइड एकत्र कधीही द्यायची नाहीत. एक बंद करून दुसरं सुरू करताना मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील. दोन्ही एकदम गेली तर जठराला व्रण पडतात, फुटूही शकतात. धोका ओढवतो तो दोन दवाखाने झाल्यावर: पहिल्याने इंजेक्शन दिलेलं असतं, दुसऱ्याला कुणी सांगत नाही. म्हणून तो तक्ता बरोबर न्या. काळी, डांबरासारखी शी किंवा उलटीत रक्त दिसलं तर गोळी थांबवून लगेच फोन.

आपल्या औषधाच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मनाने द्यायची नाही. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध बऱ्याच कुत्र्यांना देतात, पण माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्यांना विषारी आहे. लेबल वाचा. गॅबापेंटिनने झोप येते आणि चाल डगमगते. गोळीनंतर दोन तासांनी पाय जास्त लटपटले म्हणून घाबरून जाऊ नका, वहीत गोळीची वेळ शेजारी लिहा म्हणजे ताळा लागेल. स्टेरॉइड चालू असेल तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, म्हणजे मूत्राशय लवकर भरतं. आणि ते एकदम बंद करायचं नसतं, उतरत्या क्रमानेच.

८. कातडी

कूस दर ४ ते ६ तासांनी बदला. खुबा, मांडीची बाहेरची बाजू, कोपर, घोटा: जिथे हाड वर आलंय तिथे केस बाजूला करून रोज बघा. लाली दिसली की त्या जागेवर पुन्हा भार येऊ द्यायचा नाही. लघवी लागलेली जागा कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. माणसांची झिंकची मलमं लावू नका, चाटून पोटात गेली तर विषबाधा होते.

पाय ओढला जात असेल तर पंज्याचा वरचा भाग सोलवटतो, बाहेर नेताना मोजा किंवा बूट घाला. जाणीव परत यायला लागली की काही कुत्रे आपलीच बोटं कुरतडायला लागतात, बहुधा मुंग्या येत असाव्यात. एका रात्रीत खोल जखम होते. शंकू लावा, दया दाखवू नका.

९. व्यायाम

कधी सुरू करायचा हे विचारल्याशिवाय नको. ऑपरेशन झालेल्यांना बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच हलका व्यायाम सांगतात. नुसत्या विश्रांतीवर असलेल्यांना उशिरा.

सुरुवात अशी: कुशीवर झोपवा, वरच्या पायाचा एकेक सांधा सावकाश वाकवा आणि सरळ करा, जाईल तेवढाच. बोटं, घोटा, गुडघा, खुबा. प्रत्येकी दहा वेळा, मग पूर्ण पाय सायकलसारखा फिरवा. कूस बदलून दुसरा पाय. दिवसातून दोन-तीनदा. मग बोटांमधल्या पडद्याला हलकी गुदगुली केली की पाय आत ओढला जातो, त्यानेही स्नायू जागे राहतात. (हो, तीच मघाची प्रतिक्रिया. व्यायाम म्हणून चांगली, शुभवार्ता म्हणून नव्हे.)

पुढची पायरी, उभं करणं. न घसरणाऱ्या मॅटवर मागचे पाय खांद्याएवढ्या अंतरावर ठेवा, पंजा उलटा पडला असेल तर सरळ करा, ढुंगणाला हात द्या आणि हळूच हात सैल करा. चिंगी पहिल्यांदा दोन सेकंद उभी राहिली. मग बसकण मारायला लागली की पुन्हा आधार. पाच-सहा वेळा झालं की बास, दमलेले स्नायू चुकीचं शिकतात.

पाण्यातली ट्रेडमिल खूप उपयोगी पडते, पण टाके निघून, म्हणजे साधारण १० ते १४ दिवसांनी, जखम कोरडी झाल्यावर आणि जाणकाराच्या हाताखालीच. घरच्या टबात प्रयोग नकोत, घाबरलेला कुत्रा पाण्यात पिळे मारतो. लेझर, अ‍ॅक्युपंक्चर यांचा पुरावा तोकडा आहे. जमत असेल तर करा, पण त्यासाठी रोज गाडीतून दचके खात जाणं मला पटलं नाही.

१०. सुधारणा कशी ओळखायची

जाणीव आणि ताकद ज्या क्रमाने जाते त्याच्या उलट क्रमाने परत येते. आधी खोल वेदना, मग शेपूट, मग पायाची हालचाल, मग उभं राहणं, मग झोकांड्या खात चालणं आणि सगळ्यात शेवटी पंजा नीट सरळ टाकणं. शेपूट महत्त्वाची, पण तुम्हाला बघून हलली तरच. शी करताना किंवा खाली हात लावल्यावर हलते ती मोजायची नाही.

वहीत फार लिहू नका, नाहीतर चौथ्या दिवशी बंद पडेल. माझी एक ओळ अशी: "दिवस ९. सकाळी ७, लघवी भरपूर, शेवटी लिंबाएवढं. उजवा पाय थोडा ढकलला. डावा नाही. गोळी ६:३०." आठवड्यातून एकदा त्याच जागी, त्याच बाजूने, वीस सेकंदांचा व्हिडिओ. रोज बघताना काहीच बदललेलं वाटत नाही, व्हिडिओ शेजारी लावले की दिसतं. चिंगीची शेपूट सतराव्या दिवशी मी दारातून आत आल्यावर हलली. तीन आठवडे संपताना आधाराशिवाय उभी राहिली, सहाव्या आठवड्यात दारूड्यासारखी का होईना, चालली. तुमचा कुत्रा याहून लवकर चालेल किंवा फार उशिरा, माझे आकडे त्याला लावू नका. खोल वेदना गेलेल्यांना कित्येक महिने लागतात, आणि काही जण जाणीव न येताही पायांची एक आपोआप होणारी चाल शिकतात.

चाकांच्या गाडीचा विचार तेव्हा, जेव्हा डॉक्टर म्हणतील की पाठ आता स्थिर आहे आणि पाय अजून साथ देत नाहीत. गाडी आली म्हणजे हरलो असं नाही. पण लघवी आणि कातडीचं काम तिने सुटत नाही, हे घेण्याआधी मनाशी पक्कं करा.

यापैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका:
- चालणारा डगमगायला लागला, डगमगणारा बसला
- दुखणं गोळीला दाद देत नाही
- बारा तासांत लघवी नाही किंवा काढता येत नाही
- जखमेला सूज, पाणी, पू
- लुळेपणा पुढे सरकतोय: पुढचे पाय कमकुवत, ताप, श्वासाला त्रास

शेवटचं दुर्मिळ आहे. पण पाचव्या पायरीवरच्या साधारण दहातल्या एका कुत्र्यात मज्जारज्जू पहिल्या काही दिवसांत वरच्या दिशेने नष्ट होत जातो आणि त्यावर उपाय नाही. त्यात कुत्र्याला श्वास घेता येईनासा होतो. हे कुणी आधी सांगत नाही. लिहिताना मलाही नको वाटतंय, पण तो निर्णय घ्यायची वेळ आली तर ती ओळखता यावी.

११. क्रेटमधून घरात

डॉक्टरांनी मोकळीक दिली तरी पहिला फेरा पाच मिनिटांचा, दोरीवर, सपाट जमिनीवर. दर आठवड्याला थोडा वाढवा. पळणं, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, दोरीची ओढाताण सगळ्यात शेवटी, काहींना कधीच नाही. गळ्यातला पट्टा कायमचा काढून हार्नेस. जिन्याला फाटक, सोफ्याला उतार किंवा सरळ बंदी. गुळगुळीत फरशीवर मॅट, नखं आणि पंज्यांमधले केस कापलेले.

आणि वजन. पडून असताना भूक तेवढीच राहते, खर्च मात्र काहीच नसतो. बोटांनी हलकं चाचपल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. गोळी देताना दिलेला प्रत्येक खाऊ रोजच्या मापातून वजा करा. आमच्याकडे तिघं जण तीन वेळा "एवढासाच" तुकडा देत होते, हे वजनकाट्यावर कळलं.

एक गादी सरकली म्हणजे बाकीच्या शाबूत असं नसतं, त्याही त्याच जातीच्या आहेत. पुन्हा कधी पाठीची कमान, थरथर, पायरीसमोर थबकणं, उचलताना कण्हणं दिसलं तर पोट बिघडलं असेल असं म्हणत बसू नका. आधी क्रेटमध्ये, मग फोन. आमचा क्रेट अजून कपाटामागे घडी करून उभा आहे. चिंगी त्याच्या समोरून जाताना दर वेळी एकदा हुंगते आणि पुढे जाते.